मानेत दिसते हृदयाची पातळी

नाडी पाहणे आपल्याला नवे नाही. शार्ङ्गधरसंहितेच्या काळापासून वैद्य अंगठ्याच्या मुळाशी बोटे ठेवून रोग्याची अवस्था जाणत आले. पण मानेतही एक नाडी असते आणि ती बोटाला लागत नाही, डोळ्यांनाच दिसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मोहाडीत वैद्यकी करताना तिचा मला फार उपयोग झाला, म्हणून आज तिचीच हकिकत सांगतो.

आमचा भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. मामा तलाव तुडुंब भरला की त्याला मिळणाऱ्या नाल्यातही पाणी मागे चढते. मानेतली उजवी मोठी नीला अशीच हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याला, म्हणजे कर्णिकेला, जवळजवळ सरळ रेषेत मिळते. तिथला दाब वाढला की रक्त मानेत वर चढते.

हा दाब पहिल्यांदा मोजला स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने. घोडीच्या रोहिणीत नळी बसवली, तर रक्त आठ फुटांहून वर चढले. नीलेत मात्र ते त्या मानाने थोडेच चढले. १७३३ साली त्याने हे प्रसिद्ध केले.

पुढचे मोठे काम केले जेम्स मॅकेन्झी यांनी. बर्नली या गिरण्यांच्या गावातले ते साधे डॉक्टर. मानेतल्या नीलेच्या लाटा त्यांनी यंत्राने कागदावर उतरवल्या आणि १९०२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कर्णिका आकुंचन पावते तेव्हाची एक लाट, ती पुन्हा भरते तेव्हाची दुसरी. नाडी अगदी अनियमित झालेल्या काही रोग्यांत पहिली लाट नाहीशी होते, हे त्यांनीच टिपले.

प्रत्यक्ष कप्प्यात पोचण्याचे धाडस १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने केले. स्वतःच्या दंडातल्या नीलेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत सरकवून तो एक्स-रे काढायला गेला! कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत रुजवली. तिघांना १९५६ चे नोबेल मिळाले. आता आपल्याला ठाऊक आहे, की पाऱ्याच्या मापाने उजव्या कर्णिकेत दाब साधारण २ ते ६ मिलिमीटर, उजव्या जवनिकेत आकुंचनाच्या वेळी २५ च्या आसपास, तर डावीत १२० च्या आसपास असतो.

नळी, सोनोग्राफी हे सारे नागपुरात. खेड्यात हाताशी असते ती फक्त नजर. रोग्याला पंचेचाळीस अंशांत टेकवून बसवायचे आणि छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून नीलेतल्या लाटेची उंची पाहायची. तो उंचवटा कर्णिकेच्या सुमारे पाच सेंटिमीटर वर धरतात. त्याच्याही वर लाट चार सेंटिमीटरांहून अधिक चढली, तर दाब वाढलेला समजावा.

पाय सुजले की आपल्याकडे 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक आणतात. सांधेतापाने झडप अरुंद झालेली तरुण बाई बाळंतपणापर्यंत तशीच ओढत राहते. सूज यकृताची, निकस अन्नाची की हृदयाची, याचा पहिला इशारा मान देते. शिरा जबड्यापर्यंत भरलेल्या, धाप लागते, उताणे झोपवत नाही, असे दिसले तर टॉनिकची बाटली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी भंडारा किंवा नागपूर गाठा. मान पाहायला पैसे पडत नाहीत. न पाहिल्याची किंमत मात्र घरच्यांना मोजावी लागते.