चेहरा ठाऊक, नाव नाही

दुष्काळ असो, दंगल असो की निर्वासितांची छावणी, माणूस संकटात सापडला की तिथे कॅमेरा पोहोचतो. तो पोहोचलाच पाहिजे, कारण पाहिल्याशिवाय जगाला जाग येत नाही. प्रश्न आहे तो तस्वीर काढताना त्या माणसाची इज्जत राखली जाते का, हा.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांना एकत्र बसवून फोटो काढले. त्यांत बरगड्या मोजता येतात, माणसे मात्र ओळखता येत नाहीत.

१९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत स्टीव्ह मॅक्करी यांनी एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर तो झळकला. हिरव्या डोळ्यांची ती मुलगी जगभर पोहोचली. तिचे नाव मात्र कुणी टिपून घेतले नव्हते. शरबत गुला हे नाव जगाला कळले २००२ मध्ये. तोवर तिने स्वतःचा तो फोटो पाहिलाही नव्हता. विशेष म्हणजे तो एका तंबूतल्या शाळेत काढलेला होता. आम्ही शिक्षक मंडळी नव्या मुलाला पहिला प्रश्न त्याच्या नावाचाच विचारतो. म्हणून ही गोष्ट आम्हाला अधिक बोचते.

हळूहळू विचार बदलला. १९९४ मध्ये रेडक्रॉस चळवळ आणि मदतसंस्थांनी आचारसंहिता ठरवली. आपद्ग्रस्तांना लाचार वस्तू नव्हे, तर प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणून दाखवावे, असे तिचे दहावे कलम सांगते. त्याआधीच, १९८९ मध्ये, ढाक्यात शहीदुल आलम यांनी 'दृक' ही संस्था उभी केली. आपल्या लोकांची कहाणी आपल्याच लोकांनी सांगावी, हा त्यांचा आग्रह. गरिबाच्या हाती कॅमेरा आला की तस्वीरीत भुकेबरोबर त्याची मेहनत, हसू आणि राग हेही उतरतात.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रमजानमध्ये राशनचे किट वाटताना घेणाऱ्याचा खाली झुकलेला चेहरा टिपणारे आपणही हूपरपासून फार दूर नाही. आधी परवानगी विचारावी, नाव विचारावे, आणि तो 'नको' म्हणाला तर कॅमेरा खाली ठेवावा. मदत फोटोवाचूनही पोहोचते.