खरे शूर कोण? एका बेटावरील बहिष्कार आणि चाहत्यांची स्मृती

१/ सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. मोटारसायकल शर्यतींची ही सर्वोच्च जागतिक मालिका. अशा प्रसंगी चाहत्यांत एक वाद हमखास रंगतो. आजचे स्वार सुरक्षित सर्किटवर धावतात. खरे शूर ते जुन्या काळातले, जे गावातल्या रस्त्यांवरून, दगडी भिंतींना चाटून मोटारसायकल पळवत. हा दावा कितपत खरा आहे? त्याचा निवाडा करण्यासाठी एका छोट्या बेटावर जावे लागेल. #थ्रेड

२/ बेटाचे नाव आइल ऑफ मॅन. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात वसलेले, ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असूनही स्वतःचे कायदे स्वतः करणारे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये वेगमर्यादा ताशी २० मैल होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करता येत नव्हते. बेटाच्या विधिमंडळाने, म्हणजे टिनवॉल्डने, १९०४ मध्ये कायदा करून ती मुभा दिली. रस्त्यावरच्या शर्यतींना हक्काचे घर मिळाले ते असे.

३/ २८ मे १९०७ रोजी येथे मोटारसायकलींची पहिली ‘टुरिस्ट ट्रॉफी’, म्हणजेच टीटी, भरली. एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर मॅचलेस गाडीवर जिंकला. त्याचा सरासरी वेग होता ताशी ३८.२१ मैल. १९११ पासून शर्यत डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या मार्गावर गेली. आज या मार्गाची एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे सुमारे ६०.७ किलोमीटरची आहे आणि तीत दोनशेहून अधिक वळणे आहेत.

४/ हा मार्ग म्हणजे एरवीचा रहदारीचा रस्ता. घरांची कुंपणे, दिव्यांचे खांब, चर्चच्या भिंती, सारे जागच्या जागी. स्वार एकदम न सुटता ठरावीक सेकंदांच्या अंतराने सुटतात. त्यांची खरी स्पर्धा घड्याळाशी असते. प्रेक्षक शेताच्या बांधावर बसतो, स्वार त्याच्यापासून हाताच्या अंतरावरून निघून जातो आणि पुढे कोण आहे हे त्याला रेडिओवरच्या समालोचनातून कळते. ही जवळीक ज्याने अनुभवली, त्याला सर्किटवरची शर्यत फिकी वाटते.

५/ १९४९ मध्ये मोटारसायकल शर्यतींची जागतिक अजिंक्यपद मालिका सुरू झाली आणि तिचा श्रीगणेशा याच बेटावर झाला. ही गोष्ट गौरवाची खरी, परंतु तिला दुसरी बाजूही होती. ज्याला जगज्जेता व्हायचे आहे, त्याने टीटीला पाठ फिरवली तर तिथले गुण बुडत. ज्याचा कारखान्याशी करार असे, त्याला मालक पाठवील तिथे जावे लागे. ‘जुन्या काळातले शूर’ म्हणताना हा अदृश्य दोर आपण सहसा विसरतो.

६/ स्वारांची ताकद किती तुटपुंजी होती, याचे एक उदाहरण पाहा. १९५५ मध्ये नेदरलँड्समधील आसेन येथे खासगी स्वारांनी अपुऱ्या मानधनाविरुद्ध शर्यतीतच संप केला. तत्कालीन सर्वश्रेष्ठ स्वार जेफ ड्यूक याने त्यांची बाजू घेतली. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याला सहा महिने निलंबित केले आणि १९५६ च्या टीटीला तो मुकला. विजेत्याची ही गत, मग सामान्य स्वाराची काय कथा!

७/ तरीही बेटाची मोहिनी ओसरली नाही. १९६७ ची सीनियर टीटी आजही चाहत्यांच्या आठवणीत आहे. होंडावर इंग्लंडचा माइक हेलवूड, एमव्ही अगुस्तावर इटलीचा जियाकोमो अगोस्तिनी. पारडे क्षणात इकडे तर क्षणात तिकडे झुकत होते. अखेर अगोस्तिनीच्या गाडीची साखळी तुटली आणि हेलवूड जिंकला. त्याने नोंदवलेला ताशी १०८.७७ मैलांचा फेरीचा विक्रम तब्बल आठ वर्षे टिकला.

८/ आणि मग आला ९ जून १९७२. डोंगरावर पाऊस आणि धुके होते. १२५ सीसीच्या शर्यतीत मोर्बिदेल्ली गाडीवर असलेला इटालियन स्वार जिल्बेर्तो पार्लोत्ती घसरला आणि मृत्युमुखी पडला. त्या वर्षी आपल्या गटाच्या गुणतक्त्यात तो आघाडीवर होता. तो अगोस्तिनीचा मित्र. त्याच दिवशी सीनियर शर्यत व्हायची होती. अगोस्तिनी धावण्यास नाखूश होता. अखेर तो धावला, जिंकलाही. हा त्याचा तिथला दहावा विजय होता. त्यानंतर तो स्पर्धक म्हणून त्या बेटावर पुन्हा कधीही उतरला नाही.

९/ फिल रीडनेही पाठ फिरवली. तरुण बॅरी शीन १९७१ मध्ये एकदाच तिथे धावला, पडला आणि परतला नाही. हा मार्ग जीवघेणा आहे, हे तो उघडपणे सांगत राहिला. आता आकडेच बोलू लागले. ५०० सीसी गटाचे १९७३ आणि १९७४ चे अजिंक्यपद रीडकडे, १९७५ चे अगोस्तिनीकडे, १९७६ चे शीनकडे गेले. सलग चार वर्षे जगज्जेता झाला तो टीटीवर बहिष्कार घालणाराच. म्हणजे दोर तुटला होता.

१०/ चाहत्यांत उभी फूट पडली. एका बाजूचे म्हणणे असे : या मार्गानेच यांना मोठे केले, आता कीर्ती आणि पैसा हाती आल्यावर यांना भीती आठवली. शिवाय सर्किट तरी कुठे सुरक्षित होते? मे १९७३ मध्ये मोंझाच्या सर्किटवर एकाच अपघातात यार्नो सारिनेन आणि रेंझो पासोलिनी हे दोघे बडे स्वार गेले होते. हा युक्तिवाद पोकळ नव्हता.

११/ दुसऱ्या बाजूचे उत्तर होते : सर्किटची भिंत मागे सरकवता येते, डोंगर, घर आणि चर्च कसे सरकवणार? आणि धोका पत्करायचा की नाही, हे कोणी ठरवायचे? गाडीवर बसणाऱ्याने की बांधावर बसणाऱ्याने? माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म या एका प्रश्नात आहे. प्रेक्षकाचे प्रेम कितीही खरे असले, तरी त्याची किंमत दुसराच कोणी मोजत असतो.

१२/ १९७६ ची टीटी ही जागतिक मालिकेतील अखेरची. १९७७ पासून ब्रिटनची शर्यत सिल्व्हरस्टोनला गेली. बेटाने बक्षिसाची रक्कम वाढवली आणि त्याच वर्षी फिल रीड परतला. त्याने दोन शर्यती जिंकल्या, पण अनेक चाहत्यांच्या मनातला राग गेला नाही. १९७८ मध्ये ३८ वर्षांचा हेलवूड अकरा वर्षांनी परतला, डुकाटीवर जिंकला आणि बेटाने त्याला डोक्यावर घेतले. मार्गावरचा सर्वांत उंच बिंदू आज हेलवूडच्या नावाने ओळखला जातो.

१३/ बहिष्काराचे बीज अन्यत्रही रुजले. १९७९ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे नव्या, निसरड्या डांबरावर धावण्यास आघाडीच्या स्वारांनी नकार दिला. हळूहळू त्यांच्या शब्दाला वजन आले. सर्किटच्या कडेला मोकळी जागा आणि वाळूचे पट्टे आले. २०१८ पासून मोटोजीपीत पडताच फुगणारी हवेची पिशवी असलेला पोशाख सक्तीचा झाला. नोएडात आपण पाहिलेली सुरक्षितता अशा नकारांतून घडलेली आहे.

१४/ मग टीटी संपली का? मुळीच नाही. २०२३ मध्ये पीटर हिकमनने ताशी १३६.३५८ मैल सरासरीने फेरी पूर्ण केली. १९११ पासून या मार्गावर अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण गेले आहेत, तरी स्वार येतात. उत्तर आयर्लंडच्या डनलॉप घराण्याने रस्त्यावरच्या शर्यतींत जोई, त्याचा भाऊ रॉबर्ट आणि रॉबर्टचा मुलगा विल्यम असे तिघे गमावले. २०२४ मध्ये रॉबर्टचाच दुसरा मुलगा मायकेल याने काका जोईचा २६ टीटी विजयांचा विक्रम मोडला.

१५/ फरक एवढाच, पण तो मोठा आहे : आज तिथे जाणाऱ्यावर जगज्जेतेपदाचा दोर नाही. जो जातो तो आपणहून जातो. जो जात नाही त्याची कारकीर्द त्यापायी बुडत नाही. टीटीचा दर्जा गेला म्हणून १९७६ नंतर हळहळणाऱ्यांना कदाचित हे दिसले नसेल की दर्जा गेल्यामुळेच तिथले धाडस निखळ स्वेच्छेचे झाले.

१६/ पुढे अगोस्तिनी बेटावर आला, तो मानाच्या प्रदर्शन फेरीसाठी. जुन्या एमव्ही अगुस्तावरच्या या वृद्ध विजेत्याचे चाहत्यांनी प्रेमाने स्वागत केले. पार्लोत्ती मात्र ३१ वर्षांचाच राहिला. म्हणून ‘खरे शूर कोण’ असे कोणी विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी आपण एक उलट प्रश्न विचारावा : त्या स्वाराला नाही म्हणण्याची मोकळीक होती का? आपल्याला काय वाटते, जरूर लिहा.