विल्यम एस. हार्ट : मूक वेस्टर्नपट आणि रंगभूमीचा वारसा

अमेरिकन मूकपटांच्या इतिहासात विल्यम एस. हार्ट (१८६४–१९४६) या नटाचे नाव ‘वेस्टर्न’ चित्रपटातील वास्तववादाशी निगडित झाले आहे. धुळीने भरलेले रस्ते, साधा पेहराव, ओबडधोबड लाकडी वस्त्या यांमुळे त्याचे चित्रपट अस्सल मानले गेले. तथापि ही अस्सलता मुख्यतः दृश्यांची आहे. कथानकाची घडण वेगळ्या परंपरेतून, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील मेलोड्रामाच्या रंगभूमीतून आलेली दिसते.

हार्ट चित्रपटसृष्टीत स्थिरावला तो १९१४ साली, वयाची पन्नाशी गाठत असताना, निर्माता टॉमस इन्स याच्याकडे. त्यापूर्वी दोन दशकांहून अधिक काळ तो रंगभूमीवर वावरला होता. १८९९ मध्ये ‘बेन-हर’च्या नाट्यरूपांतरात त्याने मेसालाची भूमिका केली, तर १९०५ मध्ये ‘द स्क्वॉ मॅन’ या नाटकात खलप्रवृत्तीचा गुराखी रंगवला. म्हणजे पश्चिमेकडील गुराखी त्याने पडद्याआधी रंगमंचावर उभा केला होता.

‘हेल्स हिंजेस’ (१९१६) या चित्रपटात हा वारसा स्पष्ट होतो. गावात आलेल्या धर्मोपदेशकाला हुसकून लावण्यास निघालेला बंदूकबाज ब्लेझ ट्रेसी त्या उपदेशकाच्या बहिणीला पाहून पालटतो. उपदेशक स्वतः मात्र व्यसनाच्या आहारी जातो, चर्च जाळले जाते आणि अखेरीस ट्रेसी ते पापी गाव पेटवून देतो. स्त्रीच्या पावित्र्यामुळे घडणारे हृदयपरिवर्तन आणि अग्नीने होणारे शुद्धीकरण हे दोन्ही मेलोड्रामाचे परिचित संकेत होत. हार्टने रूढ केलेला ‘सज्जन दुर्जन’ हा नायकाचा नमुना याच संकेतांवर उभा आहे.

१९२० नंतर प्रेक्षकांची अभिरुची बदलली. टॉम मिक्सचा झगमगीत पोशाख आणि वेगवान कसरती लोकप्रिय झाल्या, तेव्हा हार्टचे नैतिक गांभीर्य जुनाट वाटू लागले. १९२५ चा ‘टम्बलवीड्स’ हा त्याचा अखेरचा मोठा चित्रपट ठरला. वाऱ्याबरोबर गडगडत जाणाऱ्या मुळे नसलेल्या झुडपाचे नाव येथे भटक्या गुराख्यांना दिले आहे. चित्रपटाचा विषय म्हणजे १८९३ च्या सप्टेंबरात ‘चेरोकी स्ट्रिप’ वसाहतीसाठी खुली झाली तेव्हाची जमिनीची शर्यत. त्याच वर्षी जुलैमध्ये इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने शिकागोत सीमाप्रदेशाचे युग संपल्याचे प्रतिपादन केले होते. इतिहासाने ज्याला समाप्ती म्हटले, त्याला हार्टने शोकगीताचे रूप दिले. हा शोक मात्र गुराख्यांपुरता आहे. ज्यांच्या नावाने तो भूभाग ओळखला जाई, त्या चेरोकींचे गमावणे कथेच्या केंद्रस्थानी येत नाही. अस्सलतेच्या दाव्याची मर्यादा येथे उघड होते.

१९३९ मध्ये ‘टम्बलवीड्स’ पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा हार्टने त्यास सुमारे आठ मिनिटांची बोलकी प्रस्तावना जोडली. मूकपटाचा हा नायक आता कमावलेल्या, चढउतारांच्या नाट्यमय वाणीत प्रेक्षकांचा निरोप घेतो. त्या निरोपात ऐकू येतो तो गुराख्याचा नव्हे, रंगनटाचा स्वर. मूकपटाने दडवलेला त्याच्या कलेचा उगम बोलपटाने असा प्रकट केला. एका माध्यमातील संकेत दुसऱ्या माध्यमात ‘वास्तव’ म्हणून कसे स्वीकारले जातात, याचा अभ्यास करणाऱ्याला हार्टची कारकीर्द म्हणूनच महत्त्वाची वाटेल.