सुलतान बाजारातील घरची शाळा

मुलाला चांगल्या शाळेत घातले, फी भरली, पुस्तके आणून दिली, की आपले कर्तव्य संपले असे मानणारे पालक आज घरोघर आढळतात. निजामी अमदानीत हैदराबादच्या सुलतान बाजार भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना असे मानण्याची सोय नव्हती. मुलाने मराठी वाचावे, लिहावे, विचार करावा, असे ज्या बापाला वाटे त्याला त्याची तजवीज स्वतःच करावी लागे. या तजविजीचा इतिहास लहानसा असला तरी बोधप्रद आहे.

सुलतान बाजाराचे जुने नाव रेसिडेन्सी बाजार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रेसिडेंट कर्कपॅट्रिक याने मुसी नदीच्या उत्तरेस आपली भव्य कोठी बांधविली. तिच्या आश्रयाने सराफ, व्यापारी, कारकून आणि वकील यांची वस्ती वाढत गेली. हा भाग निजामाच्या राजधानीत असूनही 1933 पर्यंत इंग्रजी हुकमतीखाली होता. त्या वर्षी तो निजामाकडे परत आला व त्याला सुलतान बाजार हे नाव मिळाले. तोपर्यंत सभा भरविणे, पुस्तकालय काढणे, संस्था चालविणे या गोष्टी शहराच्या इतर भागांपेक्षा येथे सुलभ होत्या. 1892 साली आर्य समाज येथेच स्थापन झाला. 1901 साली तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालयही येथेच उभे राहिले. मराठी मंडळींची वस्ती या गल्ल्यांतून आणि जवळच्या गौळीगुडा, जांबाग या मोहल्ल्यांतून पसरली होती.

अडचण भाषेची होती. हैदराबाद संस्थानात मराठी बोलणाऱ्यांचे प्रमाण सुमारे चौथा हिस्सा होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे तर मराठीच. तथापि 1884 च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली आणि दरबार, कचेरी व न्यायालय यांची ती भाषा झाली. पुढे 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. परकी इंग्रजी बाजूस सारून देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग हिंदुस्थानात अपूर्व होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले व शास्त्रीय विषयांवरील ग्रंथ उर्दूत उतरविण्यात आले. या प्रयोगाचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. परंतु जी भाषा देशी म्हणून निवडली गेली ती बहुसंख्य प्रजेच्या घरची भाषा नव्हती, हेही तितकेच खरे.

म्हणून मराठी मुलाचे शिक्षण दोन ठिकाणी चाले. सरकारी शाळेत तो उर्दू शिके. मराठी अक्षरे, पाढे, पावकी-निमकी आणि हिशेब घरी किंवा एखाद्या खाजगी पंतोजीकडे गिरवी. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे टपालाने येत. 1920 पासून ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक हैदराबादेतच निघू लागले. अशा पत्राचे घरात मोठ्याने वाचन होणे हाही मुलांचा एक पाठच असे. येथील मराठी वकील उर्दूत उत्तम युक्तिवाद करीत आणि घरी येऊन मुलांना मराठी शिकवीत. या दोहोंत त्यांना विरोध वाटला नाही. शेजाऱ्याची भाषा आदराने शिकावी आणि आपली विसरू नये, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. तो आईबापांच्या वागण्यातून मुलांनी उचलला.

अशा पालकांतील अग्रणी म्हणजे केशवराव कोरटकर. 1867 साली जन्मलेले केशवराव वकिलीत नावारूपास आले व पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. ते व वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींनी ओळखले की एकेका घराची शक्ती अपुरी आहे. ज्या घरी बाप शिकलेला आहे तेथे मूल शिकेल. ज्या घरी तो दिवसभर हमाली करतो किंवा आईला अक्षरओळख नाही, तेथील मुलाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून 1907 च्या सुमारास हैदराबादेत विवेक वर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय या संस्था उभ्या राहिल्या. विवेक वर्धिनी हे नावच सूचक आहे. ते कोणत्याही देवतेचे वा पंथाचे नसून मुलाच्या ठिकाणी बरेवाईट पारखण्याची शक्ती वाढावी एवढाच हेतू सांगते. जे काम घर करीत होते तेच अनेक घरांनी मिळून करावयाचे ठरविले, असे या शाळेचे वर्णन करता येईल.

याच केशवरावांनी आपले पुत्र विनायकराव यांना मात्र दूर उत्तरेकडे, सरकारी शिक्षणाच्या चाकोरीबाहेरील कांगडीच्या गुरुकुलात धाडले. तेथील ‘विद्यालंकार’ ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. पुढे ते बॅरिस्टर झाले आणि 1952 नंतर हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळातही होते. लोकांसाठी एक वाट आणि मुलासाठी दुसरी, अशी टीका यावर कोणी करू शकेल. परंतु मुलाला काय शिकवावे हा निर्णय स्वतः विचार करून घ्यावयाचा असतो, ही जाणीव दोन्ही कृतींच्या मुळाशी एकच होती.

पालकाच्या या अधिकाराला मर्यादाही आहे, आणि तिचा दाखला याच शहरातील एका बंगाली घराने देऊन ठेवला आहे. निजाम कॉलेजच्या उभारणीशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांची कन्या सरोजिनी लहानपणी इंग्रजी बोलावयास तयार नसे. ती नऊ वर्षांची असता वडिलांनी रागावून तिला दिवसभर एका खोलीत कोंडले, आणि बाहेर आल्यावर ती इंग्रजी बोलू लागली, असे तिनेच पुढे लिहून ठेवले आहे. वडिलांची इच्छा तिने गणिती किंवा शास्त्रज्ञ व्हावे ही होती. अकराव्या वर्षी बीजगणिताचे उदाहरण सुटेना म्हणून ती हिरमुसून बसली असता तिला कविता सुचली! बारा वर्षांची असताना ती मद्रासची मॅट्रिक झाली. पण गणिती झाली नाही, कवयित्री सरोजिनी नायडू झाली. घराने भाषा दिली, पुस्तके दिली, विद्वानांची संगत दिली. मुलीचा पिंड मात्र घराला ठरविता आला नाही, आणि तो ओळखून वडिलांनी तिला लिहू दिले, हेच त्यांचे खरे शिक्षकपण.

1920 नंतर संस्थानात खाजगी शाळांवर निर्बंध आले. परवानगीवाचून शाळा काढणे अपराध ठरले. 1938 साली वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांना आसरा दिला. वर्ष वाया जाणार, नोकरीची वाट बंद होणार, हे दिसत असता मुलाच्या पाठीशी उभे राहावे की त्याला माफी मागावयास लावावे, हा प्रश्न त्या वर्षी किती तरी आईबापांपुढे उभा राहिला असेल. मूल्ये शिकविणे सोपे असते. मुलाने ती खरी मानली म्हणजे पालकाची परीक्षा सुरू होते.

घर म्हणजे केवळ आईबाप नव्हेत. 1932 साली जन्मलेले नरहर कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादेस आपले मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. मामा मराठीचे प्राध्यापक. घरात ग्रंथ आणि चर्चा. इंटरच्या परीक्षेत भाच्याला अपयश आले, परंतु त्या घरात लागलेली वाचनाची व वादाची गोडी अपयशाने आटली नाही. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि महाराष्ट्राचे एक निर्भीड विचारवंत म्हणून ते मान्यता पावले.

1948 साली संस्थान भारतात विलीन झाले. 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचे मराठी लोक मागे राहिले. 2014 पासून ते तेलंगणाचे रहिवासी आहेत. उर्दूच्या जागी तेलुगू आणि इंग्रजी आली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु मुलाने सायंकाळी घरी कोणत्या भाषेत बोलावे, काय वाचावे, शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे कोणताही कायदा सांगत नाही. तेवढे काम पूर्वीही घराकडेच होते आणि आजही घराकडेच आहे. सुलतान बाजारातील त्या जुन्या पालकांनी ते टाळले नाही, म्हणून त्या गल्ल्यांतून मराठी आजही ऐकू येते.