डॉ. रुस्तम वकील यांचे सर्पगंधाविषयक लेखन : प्रकाशन व संदर्भग्रहण यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संशोधकाच्या कार्याचे मूल्य त्याच्या लेखांच्या आणि त्या लेखांना मिळालेल्या संदर्भांच्या संख्येवरून ठरविण्याची पद्धत महाविद्यालयीन प्राध्यापकांना आता परिचित आहे. हा आग्रह मात्र फार जुना नाही. युजीन गारफिल्ड यांनी शास्त्रीय लेखांच्या संदर्भसूचीची कल्पना १९५५ मध्ये मांडली आणि प्रत्यक्ष सूची १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीही एका लेखातून दुसरा लेख जन्म घेतच होता. त्याची मोजदाद तेवढी होत नव्हती. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) यांचा उच्च रक्तदाबावरील लेख हे याचे ठळक उदाहरण होय. संदर्भसंख्या नेमके काय मोजते व काय मोजत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात या उदाहरणाच्या आधारे केला आहे.

पूर्वसूरींचे कार्य

सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकाला पूर्वापार माहीत होती. निद्रानाश व उन्माद यांवर तिच्या मुळांचा उपयोग केला जात असे. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात या मुळांचे दोन गुण नोंदविले : उन्माद शमतो आणि रक्तदाब उतरतो. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळांतील अल्कलॉइडे वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ हे नाव दिले. पुढे रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधशास्त्रीय प्रयोग केले. म्हणजे मूळ सिद्धान्त १९३१ मध्येच छापील स्वरूपात उपलब्ध होता. तरीही पाश्चात्त्य वैद्यकाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

परळचा लेख

सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. येथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. परकीय सत्तेच्या काळात भारतीय डॉक्टरांना अध्यापनाचे व संशोधनाचे स्वतंत्र क्षेत्र मिळावे, हा तीमागील हेतू होता. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. वकील याच परंपरेत काम करू लागले. सर्पगंधेच्या वापराचा अनुभव घेऊन त्यांनी ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. (हे नियतकालिक आज ‘हार्ट’ या नावाने निघते.)

या लेखाचा परिणाम दूरवर झाला. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधेचा प्रयोग आपल्या रुग्णांवर केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळांतून ‘रेसर्पिन’ वेगळे केले. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी मनोविकारांवरील उपयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकील व क्लाइन या दोघांचाही समावेश होता. त्याच सुमारास स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांवर प्रयोग करून डोपामिनचे महत्त्व दाखविले. त्या कार्यासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

विवेचन

तोच गुण १९३१ मध्ये दुर्लक्षित राहिला आणि १९४९ मध्ये मान्य झाला, याची कारणे दोन. पहिले कारण पद्धतीचे : डॉ. वकील यांनी एकाच विकाराचे रुग्ण निवडून रक्तदाबाच्या आकड्यांच्या भाषेत निष्कर्ष मांडले. दुसरे कारण स्थानाचे : त्यांचा लेख जेथे छापला गेला, ते नियतकालिक बोस्टनमधील हृदयरोगतज्ज्ञांच्या वाचनात होते. पहिल्या कारणाचे श्रेय संशोधकाचे. दुसऱ्यात वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराची विषमता आहे. संदर्भांचा आकडा या दोहोंची बेरीज दाखवितो, वजाबाकी करून दाखवीत नाही.

डॉ. वकील यांनी स्वतः ही उणीव काही अंशी भरून काढली. १९५५ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकन नियतकालिकात त्यांनी सर्पगंधेवरील समग्र साहित्याचा आढावा प्रसिद्ध केला. संदर्भ देणे म्हणजे पूर्वसूरींचे ऋण मान्य करणे, हा त्याचा मूळ अर्थ. आपल्या नावामागे पारितोषिक येण्यापूर्वीच जागतिक वाचकासमोर हा इतिहास ठेवणे, हे त्या ऋणाचेच एक रूप होते.

रेसर्पिनचे पुढे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. नैराश्यासारखे दुष्परिणाम चर्चेत आले, नवी औषधे निघाली आणि त्याचा वापर ओसरला. औषध मागे पडले की मूळ लेखाचा उल्लेखही कमी होतो. उच्च रक्तदाब औषधांनी दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येतो, ही दृष्टी रुजविण्यात त्या औषधाचा वाटा होता. ती दृष्टी मात्र आज कोणत्याही संदर्भाविना वापरली जाते.

निष्कर्ष

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या लेखनाला गुणांकांची चौकट दिली. मूल्यमापनासाठी कोणती ना कोणती मोजपट्टी लागणार, हे मान्यच आहे. परंतु १९४० साली कोणी सेन-बोस यांच्या लेखाचे परदेशी संदर्भ मोजले असते, तर तो निरुपयोगी ठरला असता. आणि तो निर्णय चुकीचा ठरला असता. संदर्भसंख्येवरून ज्ञानाचा प्रसार कळतो, ज्ञानाची सत्यता नव्हे. म्हणून स्थानिक नियतकालिकांतील लेखांचे मूल्य ठरविताना आकड्याआधी लेख वाचला जावा, एवढी किमान अपेक्षा या इतिहासावरून रास्त ठरते.