रेटिनोस्कोपीचा विकास आणि वनप्रदेशातील नेत्रतपासणी : सिंदेवाही परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

चष्म्याचा नंबर ठरविण्याची प्रचलित रीत रुग्णाच्या उत्तरांवर अवलंबून असते. तक्त्यावरील अक्षर ओळखता यावे आणि ‘ही काच बरी की ती’ या प्रश्नाचे उत्तर देता यावे, ही तिची गृहीतके होत. लहान मूल, मूकबधिर व्यक्ती किंवा तपासणाऱ्याहून भिन्न बोली बोलणारा रुग्ण यांच्याबाबतीत ती अपुरी पडतात. रुग्णाच्या उत्तराविना दृष्टिदोष मोजणाऱ्या रेटिनोस्कोपीचे महत्त्व येथेच आहे.

पद्धतीचा उगम व विकास

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, तयार केले. १८५९ मध्ये विल्यम बोमन यांना अशा तपासणीत काही सदोष डोळ्यांत रेषेसारखी छाया आढळली. १८७३ मध्ये फ्रेंच लष्करी नेत्रवैद्य क्युइन्ये यांनी या छायेचा उपयोग दृष्टिदोष ओळखण्यासाठी केला. मात्र ती पारपटलावर उमटते असा त्यांचा समज होता. प्रकाश प्रत्यक्षात दृष्टिपटलाकडून परततो, हे १८७८ मध्ये मेंजिन यांनी दाखविले. त्यानंतर पॅरेंट यांनी भिंगांच्या साहाय्याने दोषाचे मापन शक्य केले. १९२० च्या दशकात कोपलँड यांच्या रेषाकार प्रकाशाच्या उपकरणामुळे दृष्टिवैषम्याचा अक्ष निश्चित करणे सुलभ झाले.

कार्यपद्धती

अंधाऱ्या खोलीत तपासणारा सुमारे ६६ सें.मी. अंतरावरून बाहुलीत प्रकाश टाकून तो हलवितो. परावर्तित प्रकाश त्याच दिशेने सरकल्यास बहिर्गोल, उलट सरकल्यास अंतर्गोल भिंगे क्रमाने लावली जातात. हालचाल थांबून बाहुली एकदम उजळली की भिंगाच्या शक्तीतून अंतरापोटी १.५० डायॉप्टर वजा करतात. उदाहरणार्थ, +३.५० भिंगाने ही स्थिती आल्यास नंबर +२.०० ठरतो. मुलांच्या डोळ्यांची समायोजन शक्ती प्रबळ असल्याने प्रथम थेंब घालून ती शिथिल करावी लागते. मोतीबिंदू दाट असल्यास ही पद्धत निरुपयोगी ठरते.

सिंदेवाही परिसरातील प्रस्तुतता

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुका भातशेती व जंगलाच्या झाडीपट्टीत येतो. येथील घरगुती बोली झाडीबोली. पूर्वेस, १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात गोंडी व माडिया बोलल्या जातात. शाळेत आलेले मूल फळ्यावरचे वाचत नाही, तेव्हा अडचण भाषेची, अभ्यासाची की डोळ्यांची, हे शिक्षकाला सहज उमगत नाही. निरक्षरांसाठीच्या ‘ई’ तक्त्यालाही सूचना समजण्याची व प्रतिसादाची गरज असतेच.

१९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूवर होता. शालेय नेत्रतपासणी त्यात १९९४ मध्ये समाविष्ट झाली. शिक्षकाने प्राथमिक चाळणी करावी व नेत्रचिकित्सा सहाय्यकाने नंबर काढावा, अशी तिची रचना आहे. तिचे यश दुसऱ्या टप्प्यातील कौशल्यावर अवलंबून आहे. स्वयंचलित संगणकीय यंत्रे वेगवान असली, तरी महाग असतात आणि थेंबांविना मुलांचा नंबर अनेकदा चुकीचा दाखवितात. रेटिनोस्कोप मात्र बॅटरीवर चालतो व भिंगपेटीसह कोणत्याही आश्रमशाळेत नेता येतो.

निष्कर्ष

रेटिनोस्कोपीचा इतिहास हा रुग्णाच्या शब्दावरून प्रकाशाच्या साक्षीकडे झालेला प्रवास आहे. उपकरण साधे असले, तरी छाया वाचण्याचे कौशल्य दीर्घ सरावानेच येते. बालपणी न सुधारलेला मोठा दोष डोळा कायमचा मंद करू शकतो; चष्मा उशिरा मिळाल्यास ती हानी पूर्णतः भरून निघेलच असे नाही. म्हणून वनजिल्ह्यांत यंत्रखरेदीइतकेच महत्त्व या कौशल्याच्या प्रशिक्षणाला देणे आवश्यक ठरते.