एका शाळामास्तराचा नियम

दहावीच्या वर्गात ओहमचा नियम फळ्यावर लिहिला की सारा वर्ग तो एका सुरात म्हणत असे. ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ हे आरंभीचे शब्द मात्र बहुतेकांच्या तोंडून घाईघाईने निसटत आणि उत्तरपत्रिकेत तर पुष्कळदा गळूनच जात. ते गाळणाऱ्याचा मी अर्धा गुण कापत असे. त्यावरून काही पालक माझ्याशी वादही घालीत. सूत्र बरोबर, उदाहरण बरोबर, मग अर्धा गुण कशाचा, असा त्यांचा रास्त वाटणारा प्रश्न असे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्या अर्ध्या गुणाचा हिशोब द्यावा, म्हणून हा लेख.

गेऑर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे घडविणारे कारागीर. औपचारिक शिक्षण नसताना त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने गणित आत्मसात केले आणि मुलांना घरी शिकविले. १८१७ मध्ये ओहम कोलोन येथील एका शाळेत गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक झाले. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी तिचा उपयोग केला.

त्या काळी व्होल्टाच्या विद्युतघटाला पंचवीस वर्षे झाली होती आणि विद्युतधारेजवळ चुंबकसूची विचलित होते, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखविले होते. परंतु धारा मोजावी कशात आणि तार लांबविली असता ती किती घटते, याचा नेमका नियम छापून आलेला नव्हता. हेन्री कॅव्हेंडिश यांना तो १७८१ मध्येच उमगला होता खरा. पण त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही, आणि त्यांचे विद्युतविषयक टिपण मॅक्सवेलने १८७९ साली प्रकाशात आणले. कपाटात राहिलेले ज्ञान कोणाच्या उपयोगी पडणार!

ओहम यांनी १८२५ मध्ये आपला पहिला निष्कर्ष छापला, आणि तो चुकला. तारेची लांबी व धारेतील घट यांची सांगड त्यांनी लॉगरिथमच्या सूत्राने घातली होती. दोष प्रामुख्याने घटाचा होता. तार जोडताच त्याचा जोर ओसरू लागे, त्यामुळे पहिले निरीक्षण एका परिस्थितीतले आणि पाचवे निराळ्याच, अशी गत होई. तेव्हा नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी घटाऐवजी दोन धातूंच्या सांध्याचा उपयोग करण्याचे सुचविले. अशा सांध्यांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की विद्युतधारा वाहते, हे सीबेकने नुकतेच दाखवून दिले होते.

ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांचे दोन सांधे केले. एक उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर तापमानातला फरक हलत नाही, म्हणजे विद्युतजोरही हलत नाही. मग समान जाडीच्या तांब्याच्या आठ तारा त्यांनी एकामागून एक जोडल्या: २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. वर टांगलेली चुंबकसूची धारेने वळे. तिला मूळ जागी आणण्यासाठी टांगणीला किती पीळ द्यावा लागतो, तेच धारेचे माप.

पहिल्या दिवशीच्या निरीक्षणांत २ इंची तारेला हे माप सुमारे ३२७ आले, १३० इंचीला सुमारे ४८. तार पासष्टपट लांब झाली, पण धारा जेमतेम सातव्या हिश्श्यावर आली. असे का? कारण तारेखेरीज उरलेल्या मंडलाचाही रोध असतो. या प्रयोगात तो सुमारे २० इंच तारेएवढा होता. हे २० इंच प्रत्येक लांबीत मिळवा: २२ आणि १५०. त्यांचे गुणोत्तर पावणेसातच्या घरात जाते आणि निरीक्षणाशी जुळते. विद्युतजोर भागिले एकूण रोध, म्हणजे धारा. आज आपण विभवांतर भागिले विद्युतधारा बरोबर रोध असे जे लिहितो, ते यातूनच आलेले.

१८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. स्वागत थंड झाले, काही टीका तर बोचरी होती. त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि पुढे काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापन करून काढली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद वयाच्या साठीत लाभले, आणि १८५४ मध्ये ते निवर्तले. रोधाच्या एककाला ‘ओहम’ हे नाव पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १८८१ मध्ये मान्य केले. ज्या वर्षी पदक मिळाले, त्याच वर्षी जूल यांनी तारेत निर्माण होणारी उष्णता धारेचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हे दाखविले. विभवांतर गुणिले धारा म्हणजे शक्ती, हे आपले दुसरे सूत्र त्याच्याशी जोडलेले आहे.

आता त्या अर्ध्या गुणाकडे वळू. २३० व्होल्टवर चालणारा १०० वॉटचा जुना, तारेचा दिवा घ्या. धारा १०० भागिले २३०, म्हणजे सुमारे ०.४३ अँपिअर, रोध सुमारे ५२९ ओहम. गणित निर्दोष. पण तोच दिवा थंड असताना मीटरने मोजला तर रोध ४० ओहमच्या आसपास भरतो. सूत्र खोटे ठरले का? नाही, तारेची भौतिक अवस्था बदलली. पेटलेल्या दिव्यातील टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते आणि तापलेल्या धातूचा रोध वाढतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी मात्र ती थंडच असते, आणि २३० भागिले ४० या हिशोबाने जवळजवळ पावणेसहा अँपिअरची धारा तिच्यातून धावते. घरातले जुने दिवे संध्याकाळी बटण दाबताच ‘टिक्’ आवाज करून जात, ते यामुळेच.